घनता कोणत्या महिन्यातली?

घनतेचा पाठ सुरू करताना मी वर्गाला पाऱ्याचे किंवा लोखंडाचे उदाहरण देत नाही. ती मुलांना शाळेपासूनच पाठ असतात. मी फळ्यावर दोन आकडे लिहितो : ४२,२९,९१७ आणि ११,७६५. पहिला आकडा म्हणजे २०११ च्या जनगणनेतील जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या आणि दुसरा म्हणजे जिल्ह्याचे चौरस किलोमीटरमधील क्षेत्रफळ. भागाकार करून मुले लगेच सांगतात, दर चौरस किलोमीटरला सुमारे ३६० माणसे. मग धुळे जिल्हा घेतो : २०,५०,८६२ भागिले ७,१९५, उत्तर २८५. १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा : १६,४८,२९५ भागिले ५,९५५, उत्तर सुमारे २७७. (२०२१ ची जनगणना त्या वर्षी होऊ शकली नाही, म्हणून आकडे २०११ चे घेतले आहेत.) त्याच जनगणनेत साऱ्या महाराष्ट्राची घनता ३६५ आणि भारताची ३८२ होती.

एका वर्षी हे गणित झाल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. सातपुड्यातल्या पाड्यावरून शिकायला आलेला आणि एरवी वर्गात तोंड न उघडणारा. त्याने विचारले, "सर, ही घनता कोणत्या महिन्यातली?"

वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. पाण्याची घनता दर घन सेंटिमीटरला १ ग्रॅम असे आपण म्हणतो, तेव्हा '४ अंश सेल्सिअस तापमानाला' हे शब्द त्यात धरलेले असतात. ८० अंशांना तीच घनता सुमारे ०.९७२ होते. तापमान न सांगता दिलेली घनता अपुरी. मग माणसांच्या घनतेचा महिना का विचारू नये? त्या तासाला मला नीट उत्तर देता आले नाही. ते शोधण्याच्या निमित्ताने मानवी भूगोलाची पुस्तके हाती घेतली आणि लक्षात आले, की या शास्त्रातले बरेचसे शब्द आमच्या पदार्थविज्ञानातल्या शब्दांचे सख्खे शेजारी आहेत. घनता, गुरुत्व, आकर्षण, सापेक्षता, प्रवाह. मात्र तेथे गेल्यावर त्यांची वागणूक थोडी बदलते. ती कशी, हे आपल्या खानदेशातच फिरून पाहू.

प्राकृतिक भूगोल डोंगर, नद्या, हवामान यांचा अभ्यास करतो. माणसे कोठे राहतात, तेथेच का राहतात, काय पिकवतात, कोठून कोठे जातात आणि त्यामुळे भूमीचे रूप कसे बदलते, हा मानवी भूगोलाचा विषय. नकाशा दोघांचाही तोच, प्रश्न निराळे.

घनतेपासूनच सुरुवात करू. लोखंडाच्या तुकड्याचा कोणताही भाग घ्या, घनता तीच येते. जिल्ह्याचे तसे नसते. रावेर, यावल आणि चोपडा या तालुक्यांत तापीच्या काठच्या सपाट काळ्या जमिनीवर केळीच्या बागा आणि भरगच्च गावे आहेत. तेथून उत्तरेला काही किलोमीटर गेलात, की सातपुड्याचे जंगल लागते आणि मैल न् मैल वस्ती विरळ. दोन्हीची सरासरी काढून आलेला ३६० हा आकडा यांपैकी कोठेच प्रत्यक्षात सापडत नाही. म्हणून भूगोलात घनतेच्या जोडीला 'वितरण' हा शब्द लागतो. घनता हा एक आकडा आहे, वितरण हा नकाशा आहे. एकूण क्षेत्रफळाऐवजी फक्त लागवडीच्या जमिनीने भागले तर आणखी एक घनता मिळते, आणि पोट भरण्याच्या दृष्टीने तीच अधिक बोलकी. डोंगराळ अक्राणी तालुक्यात एकूण क्षेत्रावरची घनता कमी दिसते. पण पेरता येईल अशी जमीन त्याहूनही कमी, तेव्हा एकेका शेतावर अवलंबून असणारी तोंडे कमी नसतात. "तिकडे जागा खूप आहे" असे सपाटीवरचे लोक म्हणतात, ते पहिल्या आकड्यावरून.

आता वस्तीकडे वळू. पाठ्यपुस्तकात केंद्रित, विखुरलेली आणि रेषाकृती असे वस्तीचे तीन आकार दिलेले असतात. आपल्या भाषेत याहून जुने आणि मला अधिक आवडणारे शब्द आहेत : पांढरी आणि काळी. घरांच्या पडलेल्या मातीने, राखेने जी जमीन पांढुरकी झाली ती गावठाणाची पांढरी. पिकांची ती काळी. तापीकाठच्या गावात सगळी घरे पांढरीत एकमेकांना खेटून आणि भोवती चहूकडे शिवार. ही केंद्रित वस्ती. सातपुड्यात भिल्ल आणि पावरा कुटुंबांची घरे ज्याच्या त्याच्या शेतात, टेकडीच्या उतारावर सुटी सुटी असतात. अशा घरांचा मिळून पाडा आणि अनेक पाड्यांचे मिळून एक गाव. ही विखुरलेली वस्ती.

हा फरक नुसता आकाराचा नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून १ किलोमीटरच्या आत हवी. पांढरीतल्या गावाला मधोमध एक शाळा पुरते. पण तीन टेकड्यांवर पसरलेल्या पाड्यांसाठी हा किलोमीटर कोणाच्या दारापासून मोजायचा? वाटेत पावसाळी नाला असेल तर? विजेची तार, नळाची पाइपलाइन, आरोग्यसेविकेची फेरी या साऱ्यांचा दर घरामागे खर्च विखुरलेल्या वस्तीत वाढतो. 'वस्तीचा आकार' हे शब्द परीक्षेत दोन गुणांचे असतील, पण पाड्यावरच्या सहा वर्षांच्या मुलाला ते रोज पायांनी मोजावे लागतात.

गाव मोठे झाले म्हणजे शहर होते का? जनगणनेच्या हिशेबाने नाही. नगरपालिका किंवा महानगरपालिका असेल तर ते शहर धरतातच. नसेल तर तीन कसोट्या लावतात : लोकसंख्या किमान ५,०००, घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४००, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात असले पाहिजेत. म्हणजे केळीवर चालणारे दहा-पंधरा हजारांचे गाव बँका, दवाखाने आणि ट्रकांनी कितीही गजबजले तरी खेडेच राहू शकते. तिसऱ्या कसोटीत बायकांच्या कामाचा हिशेबच नाही. हे मला पटत नाही; केळीच्या बागेत आणि कपाशीच्या वेचणीला कोण असते, हे ज्याने पाहिले आहे त्याला ते पटणार नाही.

वस्ती कोठे आणि कशी व्हावी हे निसर्गच ठरवतो काय? एकोणिसाव्या शतकात जर्मन भूगोलज्ञ रात्झेल याच्या लेखनातून 'निसर्गवाद' पुढे आला : भूमी आणि हवामान जसे, तसा माणूस. फ्रान्सच्या विदाल द ला ब्लाश याने वेगळी बाजू मांडली. निसर्ग अनेक शक्यता पुढे ठेवतो, त्यांतली कोणती घ्यायची हे माणसे ठरवतात. याला 'संभववाद' म्हणतात. याचे फार चांगले उदाहरण पाहायला पॅरिसला जायला नको, साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी जावे. तेथली फड पद्धत काही शतके जुनी आहे. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे म्हणजे फड. एका फडातल्या सर्व शेतकऱ्यांनी त्या वर्षी एकच पीक घ्यायचे. या वर्षी ऊस या फडात, तर पुढे दुसऱ्यात. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणता फड कोरडा ठेवायचा हे लाभधारक मिळून ठरवत. नदी, उतार आणि पाऊस निसर्गाचे. पण शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचवण्याचा नियम माणसांचा. पुढे धरणे झाली, विहिरींवर पंप बसले आणि अनेक ठिकाणचे फड मोडले. नदी तीच राहिली, माणसांची निवड बदलली. तिकडे सातपुड्याच्या पायथ्याशी केळीसाठी इतके पाणी उपसले गेले, की विहिरी आणि कूपनलिकांची पातळी खोल गेली. मग ठिबक सिंचन आले. निसर्गवाद्यांनाही येथे थोडे बोलायला जागा आहे, असे म्हणायला हवे.

यानंतर 'स्थान'. अक्षांश आणि रेखांश सांगितले की निरपेक्ष स्थान कळते. ते बदलत नाही. सापेक्ष स्थान म्हणजे इतर गावांच्या, रस्त्यांच्या, बाजारांच्या संदर्भातली जागा, ती बदलते. गतीचा पाठ शिकताना 'कोणाच्या संदर्भात?' हा प्रश्न आपण विचारतो, तसाच येथेही विचारायचा. जागचे न हलता गाव लांब जाऊ शकते, असे सांगितले तर तुम्ही विश्वास ठेवाल काय? थाळनेर पाहा. तापीच्या उत्तर काठावरचे हे गाव फारुकी सुलतानांची पहिली राजधानी. त्यांची थडगी तेथे आजही आहेत. सुरत बंदरातून बुऱ्हाणपूरला जाणारा हमरस्ता नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा जाई. १६१५ मध्ये इंग्रज वकील टॉमस रो याच रस्त्याने बुऱ्हाणपूरला गेला आणि तेथून पुढे जहांगीर बादशहाकडे. व्यापारी तांडे, लष्कर, बातम्या, सगळे थाळनेरच्या दारावरून जात होते.

मग १८६० च्या दशकात मुंबईहून रेल्वे आली, ती तापीच्या दक्षिणेकडून. भुसावळपाशी तिला दोन फाटे फुटले. एक फाटा १८६७ मध्ये नागपूरला पोचला, दुसऱ्या मार्गाने १८७० मध्ये जबलपूरमार्गे कलकत्त्याशी गाठ पडली. याच काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि खानदेशच्या कापसाला भाव आला. कापूस रुळांकडे चालला आणि रुळांवरचे जळगाव त्याची मोठी पेठ बनले. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे केले तेव्हा पूर्व खानदेशाचे ठाणे जळगावला आले, पश्चिम खानदेशाचे धुळ्याला राहिले. तोवर, १९०० च्या सुमारास, सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून दुसरी रेल्वे निघाली. तीही नदीच्या दक्षिणेकडूनच. जुन्या हमरस्त्यावरच्या तिघांपैकी नंदुरबारला गाडी मिळाली. थाळनेर आणि चोपडा उत्तर काठावर राहिले. चोपडा तालुक्याचे गाव म्हणून टिकले, थाळनेर आज शिरपूर तालुक्यातले एक खेडे आहे. त्याचे अक्षांश-रेखांश रोच्या वेळी होते तेच आहेत. धुळ्याचे नशीब निराळे : मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग तेथे एकमेकांना छेदतात, म्हणून मोठ्या लोहमार्गापासून बाजूला असूनही ते वाढले.

आता माझ्या आवडीचा भाग, गुरुत्व. रायली नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९३१ मध्ये मांडले, की दोन शहरांच्या मधल्या गावातले लोक खरेदीला कोठे जातील हे न्यूटनच्या नियमासारख्या सूत्राने सांगता येते. शहराची ओढ त्याच्या लोकसंख्येच्या सम प्रमाणात आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. पृथ्वी आणि चंद्र यांच्या दरम्यान जसा दोन्हीकडची ओढ सारखी असणारा एक बिंदू असतो, तसा दोन शहरांच्या दरम्यानही काढता येतो. जळगाव आणि धुळे घेऊ. २०११ ची लोकसंख्या अनुक्रमे ४,६०,२२८ आणि ३,७५,५५९. अंतर सुमारे ९० किलोमीटर. लोकसंख्यांचे गुणोत्तर १.२२५, त्याचे वर्गमूळ १.१०७. त्यात १ मिळवून ९० ला भागा : ९० भागिले २.१०७, म्हणजे सुमारे ४३. सीमाबिंदू धुळ्यापासून ४३ आणि जळगावपासून ४७ किलोमीटरांवर येतो.

वाटेतली दोन गावे तपासू. एरंडोल जळगावपासून सुमारे ३० किलोमीटरांवर आहे, ते जळगावच्या ओढीत येते. ठीक. पारोळा धुळ्यापासून सुमारे ३५ किलोमीटरांवर, म्हणजे सूत्राप्रमाणे ते धुळ्याचे. पण पारोळा तालुका जळगाव जिल्ह्यात आहे! जिल्हाधिकारी कचेरीचे काम निघाले, की ओढ असो वा नसो, जळगावची एस. टी. धरावी लागते. आणि अमळनेर तर या दोघांहून जवळ. चंद्राला तहसील नसते, माणसांना असते. शिवाय अंतराचा घात न्यूटनच्या नियमात २ च आहे, तो आपण बदलू शकत नाही. येथे तो अनुभवावरून बसवलेला असतो. मालाप्रमाणे आणि रस्त्यांप्रमाणे बदलतो. भाजीसाठी कोणी ३० किलोमीटर जात नाही, लग्नाच्या बस्त्यासाठी जातो. पारोळ्याच्या वाचकांनी आपल्या गल्लीतल्या वीस घरी विचारून पाहावे : औषधाला कोठे, बस्त्याला कोठे, कॉलेजला कोठे? सूत्र कोठे चुकते हे पाहण्यात ते बरोबर येण्याइतकीच मजा आहे.

ओढीवरून आपण हालचालीवर येतो. रोज जळगावला कामाला जाऊन रात्री घरी परतणारा 'अपडाऊन' करतो. ते स्थलांतर नव्हे. राहण्याचे ठिकाण बदलले म्हणजे स्थलांतर. रॅव्हनस्टाइन याने १८८५ मध्ये इंग्लंडच्या जनगणनेवरून स्थलांतराचे काही नियम मांडले. त्यातले तीन आपल्याकडे ताडून पाहण्याजोगे आहेत. बहुतेक स्थलांतर जवळच्या अंतराचे असते. जवळच्या अंतरात स्त्रिया अधिक असतात. आणि प्रत्येक प्रवाहाला उलटा प्रवाह असतो.

जनगणनेत जन्मगाव आणि राहते गाव वेगळे असले, की ती व्यक्ती स्थलांतरित. या व्याख्येने आसोद्यात जन्मून लग्नानंतर काही किलोमीटरांवरच्या जळगावला आलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) स्थलांतरित ठरतात. तुमची आईही बहुधा ठरेल. भारतातील स्त्रियांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण लग्न हेच आहे, पण 'स्थलांतर' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर खांद्यावर वळकटी घेतलेला पुरुष येतो. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, तो रॅव्हनस्टाइनचा उलटा प्रवाह समजायला हरकत नाही, फक्त चार दिवसांचा.

लांबच्या स्थलांतरात आपल्याकडचा मोठा प्रवाह सुरतेचा. कोरडवाहू शेतीचे लहान तुकडे, बेभरवशाचा पाऊस आणि गावात नसलेले काम ही दूर लोटणारी कारणे. यंत्रमाग, बारमाही मजुरी आणि आधीच तेथे स्थिरावलेले मामा-काका ही ओढून घेणारी कारणे. तापी खोऱ्यातल्या रेल्वेने वाट सोपी केली. उधना आणि लिंबायत भागात आज अहिराणी सहज कानी पडते. येथेही बलाची उपमा पुरी लागू पडत नाही. बल लावले की दगड हलतोच. एकाच घरातले, सारखीच जमीन वाटणीला आलेले दोन भाऊ घ्या. एक सुरतेला जातो, दुसरा राहतो.

आणि आता महिना. धुळे आणि नंदुरबारच्या डोंगराळ भागातून दर वर्षी दिवाळीनंतर हजारो कुटुंबे दक्षिण गुजरातमध्ये ऊसतोडीला जातात. बारडोली भागातल्या साखर कारखान्यांचा गाळप हंगाम साधारण मार्च–एप्रिलपर्यंत चालतो. तोवर ही कुटुंबे फडाजवळच्या पालांत राहतात. बरोबर लहान मुले असतात. हे हंगामी स्थलांतर. पावसाच्या तोंडावर सगळे परत येऊन पेरणीला लागतात.

२०११ ची जनगणना झाली ९ ते २८ फेब्रुवारी या काळात. नियम असा : या वीस दिवसांत माणूस आपल्या नेहमीच्या घरी थोडा काळ जरी राहिला असेल तर त्याची नोंद तेथे. सर्व वीस दिवस बाहेर असेल, तर तो जेथे सापडेल तेथे. आता समजा, ३ चौरस किलोमीटर शिवाराचा, ३०० माणसांचा एक पाडा आहे आणि त्यातली १२० माणसे ऊसतोडीला गेली आहेत. ऑगस्टमध्ये पाड्याची घनता १००, फेब्रुवारीत ६०. पुस्तकात छापली जाते ती ६०. पाड्याला शाळेच्या किती खोल्या, किती अंगणवाड्या, किती हातपंप, हे ठरवताना हाताशी ६० असते, आणि जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा दारात १०० च्या हिशेबाची मुले उभी असतात. जानेवारीत पुन्हा बाके रिकामी. शाळेच्या पटावर नाव एका राज्यात, मूल दुसऱ्या राज्यात. आईबाप गेले तरी मुलाला गावीच राहता यावे म्हणून हंगामी वसतिगृहे काढतात. ती दिवाळीच्या आधी उघडली तर उपयोग, मुले निघून गेल्यावर उघडली तर नाही. हे साधे कालगणित आहे, पण ते चुकते.

पुढच्या आठवड्यात मी त्या मुलाला व्हरांड्यात गाठून सांगितले, "फेब्रुवारीतली." त्याने थोडा विचार केला. म्हणाला, "२०११ ला मी दुसरीत होतो, सर. म्हणजे आम्ही गुजरातमध्ये मोजलो गेलो असू."

शिक्षकांनी वर्गाकडून करून घेण्यासारखा एक प्रयोग सुचवतो. आपल्या गावाची किंवा एखाद्या आळीची घरे घ्या, वीस-पंचवीस पुरेत. आज प्रत्येक घरात रात्री झोपणारी माणसे मोजा. पोळा, दिवाळीनंतरचा महिना, फेब्रुवारी आणि आखाजी या वेळी पुन्हा मोजा. बाहेर असलेला माणूस कोठे आहे आणि कशासाठी, हेही विचारा, मात्र नावे लिहून घेऊ नका. शिवाराचे क्षेत्रफळ तलाठ्याकडे मिळेल. आडव्या अक्षावर महिने आणि उभ्या अक्षावर घनता घेऊन आलेख काढा. सपाटीवरच्या गावात रेषा जवळजवळ आडवी येईल, डोंगराजवळच्या गावात ती दिवाळीनंतर उतरेल. सुरतेच्या वाटेवरच्या गावात कदाचित आखाजीला तेवढा एक उंचवटा दिसेल.